स्टिअरिंगवरचं नवं कव्हर

मुरबाड, मंगळवार, संध्याकाळ

गाडी घेतली तेव्हा हे म्हणाले होते, "एअरबॅगवाली घेतली गो, आता तरी निवांत झोप." आज ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मागे सरळगावजवळ बैल आडवा आला, पुढच्या दोन्ही बॅगा फुगल्या आणि हे वाचले. विम्याने मात्र हात वर केले. विमा घरगुती गाडीचा आणि आत भाडं देणारे कल्याणचे प्रवासी. इथे सगळेच तशी चालवतात, म्हणून आम्हीही. गॅरेजवाला म्हणाला, नव्या बॅगांच्या खर्चात एक जुनी गाडी येईल.

आज गाडी पुसताना स्टिअरिंगवर नवं कव्हर शिवलेलं दिसलं. दाबलं, तर आत पोकळ.

विचारलं तर म्हणाले, "आत काय नाय. बॅगेचा दिवा पेटत व्हता, तो पण काढून टाकला."

"आणि परत बैल आला तर?"

"त्याला तुझ्याकडं धाडतो. तूच समजाव."

मला हसू आलं, त्याचाच आता राग येतोय. आमच्या आधीच्या जीपला कुठे होत्या बॅगा? तेव्हा मी अशी घाबरत नव्हते. पण त्या पोकळीसमोर हे रोज बसणार. शेजारच्या सीटवर दोघं दाटीने बसणार, आणि त्यांच्या समोर डॅशबोर्डवर 'एअरबॅग' ही अक्षरं अजून तशीच आहेत.

डिझेल त्या दोघांच्याच भाड्यातून निघतं. हे ऐकणार नाहीत, माहीत आहे. तरी सकाळी चहा देताना म्हणेन, अहो, तुम्ही तर बसणारच, पण नव्या बॅगा बसेपर्यंत पुढे दुसऱ्या कुणाला बसवू नका.