स्कल फाउंड्री नक्की कोणाची

यंगस्टाउन, ओहायो
१४ सप्टेंबर

प्रिय अर्लीनमावशी,

तुझ्या ड्वेनचा नमस्कार. नवा गुडघा काय म्हणतो? फ्लोरिडाच्या उन्हात तो लवकर रुळेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण डॉक्टरांना तुझा स्वभाव ठाऊक नाही. मी ठणठणीत आहे (उजवा कान सोडून. तो अठ्ठ्याऐंशी सालापासून वाजतोच आहे). पत्रासोबत एक कागद आहे. तो तूर्त बाजूला ठेव आणि आधी हे वाच.

'स्कल फाउंड्री' हे नाव अजून तुझ्या मालकीचं आहे. तुझ्या गॅरेजमध्ये आम्ही हेवी मेटलचा बँड काढला तेव्हा मी सोळाचा होतो आणि तुझा कर्टिस सतराचा. वकील म्हणाला, पोरांच्या नावावर नोंदणी होत नाही, म्हणून सही तू केलीस. "कवटीचा कारखाना? अरे, जरा आनंदी काहीतरी ठेवा की," एवढंच म्हणालीस आणि आमच्या चामडी जाकिटांना खिळे ठोकून दिलेस. आता ईस्टरच्या कार्डात तू लिहिलंस की नाताळच्या आत हे नाव दोघांपैकी एकाला देऊन मोकळी होणार. ते मला मिळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारणं देतो.

आमचा उत्कर्ष तू पाहिलाच आहेस. शहाऐंशी साली तुझ्याच चर्चच्या बायकांनी सैतानाचं संगीत म्हणून आमच्या तबकड्या जाळायचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा त्यांना कॉफीबरोबर केक तुझाच होता आणि उरलेला तू आम्हाला पाठवलास. (जाळण्यासाठी त्यांनी चाळीस तबकड्या विकत घेतल्या. त्या आठवड्यात गावात एवढी विक्री आमचीच होती.) मग डेट्रॉइट, शिकागो, जर्मनीत दोनदा. मग एक दिवस पोरांनी चौकड्यांचे शर्ट घातले, उदास गाणी ऐकायला लागली आणि आम्हाला कुणी विचारीना. खरं तर अशा वेळी माणसांनी एकमेकांना धरून राहावं. आम्ही भांडलो, तो गायक आणि मी बेस गिटारवाला. कर्टिस सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझं बेसचं एकट्याचं वाजवणं सुरू झालं की अख्खं सभागृह लघवीला जातं." मी म्हणालो, "निदान परत तरी येतं." त्यानंतर आम्ही अठ्ठावीस वर्षं बोललो नाही.

पण नाव कुणीच सोडलं नाही. त्याने चार भाड्याचे वादक घेऊन स्कल फाउंड्री चालवली, मीही चार घेऊन स्कल फाउंड्रीच चालवली. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तो पेनसिल्व्हेनियातल्या कॅसिनोंत गायचा, मी ओहायोतल्या बोलिंगच्या क्लबांत वाजवायचो. गेल्या महिन्यापर्यंत गाठ पडली नव्हती.

ती पडली हार्लन काउंटीच्या जत्रेत. तिथल्या डोरीन प्रॅट नावाच्या बाईंनी आधी त्याला फोन केला, मग मला केला, आणि आम्ही एकाच बँडचे, एक मालक आणि एक मॅनेजर, अशी स्वतःची समजूत करून घेतली. शनिवारी दुपारी तीन वाजता, डुकरांच्या स्पर्धेच्या मांडवामागे, एकाच नावाच्या दोन व्हॅन समोरासमोर उभ्या. कर्टिस उतरला. पोट सुटलंय, केस मात्र रंगवतो. मी म्हणालो, "व्हॅन मागे घे." तो म्हणाला, "तू घे. नाव माझ्या आईचं आहे." मी म्हणालो, "माझी मावशी आहे ती!" डोरीनबाई मध्ये पडल्या. "हे बघा, मला एक तास एका बँडने भरून हवाय. तुम्ही दोघं मिळून गाताय, की शेळ्यांची स्पर्धाच आधी लावू?"

भाड्याचे आठही वादक एकमेकांच्या ओळखीचे निघाले. त्यातले सहा तळलेला केक खायला गेले ते आलेच नाहीत. राहिलो आम्ही दोघं, त्याचा ड्रमवाला आणि माझा गिटारवाला.

वाजलं बरं. मी खोटं बोलत नाही, मावशी, फारच बरं वाजलं. शेवटी आमचं ते प्रसिद्ध गाणं आलं, ज्याच्या अखेरीस कर्टिस पंधरा मात्रा किंचाळतो आणि तेवढ्यासाठीच लोक येतात. त्याने मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही. नुसता वारा. मी त्याच्या मागे होतो, माझ्यासमोर माइक होता. मी किंचाळलो, पूर्ण पंधरा मात्रा. तो तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला. लोकांनी टोप्या उडवल्या. मागाहून तो माझ्यापाशी आला, माझ्या हातातलं कणीस घेतलं, अर्धं खाल्लं आणि म्हणाला, "तुझा बेस जरा मोठा होता."

तेव्हा तूच ठरव. बेस माझा, गाणी निम्मी माझी, आणि आता किंचाळणंही माझंच. नावावर हक्क कुणाचा? सोबतच्या कागदावर खाली फुली केली आहे, तिथे सही कर.

तुझा आज्ञाधारक भाचा,
ड्वेन

ता. क. कर्टिसही असाच कागद पाठवेल. तो बोलायला गोड आहे. विरघळू नकोस.

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं. तो घशाच्या डॉक्टरकडे गेला होता असं त्याच्या ड्रमवाल्याकडून कळलं. आवाज परत येणार नाही म्हणतात. त्याने हे तुला सांगितलं नसेल, तूही विचारू नकोस.

ता. क. माझा कागद फाडून टाक. सही त्याच्या कागदावर कर. आवाज गेला आणि नावही गेलं, तर तो सकाळी उठून काय करेल? फक्त सही करताना एवढं सांग की बेसला मला घ्यायचं. हे मी सुचवलं असं म्हणू नकोस, तुझीच अट म्हणून सांग. आईचं तो ऐकतो. त्याच्या मागच्या माइकवर घरचं माणूस असलेलं बरं.