नटीच्या तोंडी तुझी किंकाळी

आई, तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी दुपारी मला तुझी किंकाळी ऐकू आली. टीव्हीवर. जेवणं उरकून मी आणि तुझी नात एक भुताची मालिका लावून बसलो होतो. हल्ली अशा मालिका घरबसल्या हव्या तेव्हा बघता येतात आणि निवृत्त झाल्यापासून मी बऱ्याच बघते. त्यातल्या बहुतेक तुला आवडल्या नसत्या. अंधार एवढा की भूत आलं का गेलं हे कळायला टीव्हीचा उजेड वाढवावा लागतो, आणि मग एकदम धाडकन आवाज करतात. त्याला दचकणं म्हणतात, घाबरणं नव्हे. दचकते तर मी कुकरच्या शिट्टीलाही. खुनाच्या मालिकांचं तर विचारूच नकोस. तीन भागांची गोष्ट आठ भागांत ताणतात, आणि एखादा नावाजलेला नट नुसता शेजारी म्हणून वाटीभर साखर मागायला आला की खुनी तोच, हे मला पहिल्याच भागात कळतं. पण अधूनमधून एखादी चांगली निघते. एकीत सून रोज ताटं मांडते आणि दर वेळी एक ताट जास्त होतं. बस्स, एवढंच. भूत शेवटपर्यंत दिसत नाही. ती बघितल्यावर दोन दिवस मी तुझ्या जावयासकट आमची तीन ताटं मोजून मांडत होते.

रविवारची मालिका मात्र बेताचीच होती. बंगल्यातली कामवाली जिना चढून जाते, दार लोटते, कॅमेरा बाहेरच थांबतो आणि आतून किंकाळी येते. खालच्या सुरात सुरू होते, वर चढते आणि संपताना एक बारीक हुंदका आत ओढल्यासारखा. मी रिमोट घेऊन मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पाचव्यांदा नेलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, काय चाललंय तुझं?"

"आजी आहे ती," मी म्हटलं.

तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या गिरगावच्या चाळीतल्या गणपतीत तू नाटकात काम केलंस, त्यात साप बघून ओरडायचं होतं, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या, सिनेमांचे आवाज टिपणाऱ्या रेकॉर्डिस्टकाकांनी दुसऱ्याच दिवशी येऊन बाबांना विचारलं, हे मी तिला पहिल्यांदाच सांगितलं. नट्यांचा घसा बसू नये म्हणून किंकाळ्यांसाठी वेगळी बाई लागायची. बाबा म्हणाले, "चेहरा दिसणार नाही ना? मग जा."

मला एकदाच नेलं होतंस दादरच्या स्टुडिओत, शनिवारी, शाळा अर्धी असताना. काचेच्या अलीकडे स्टुलावर मी बसले आहे. पलीकडे तू चपला काढतेस, बांगड्या किणकिणतील म्हणून त्याही काढून माझ्याकडे पाठवतेस, कोमट पाण्याचा घोट घेतेस. समोरच्या पडद्यावर एक नटी तोंड उघडते आणि तिच्यातून काहीच येत नाही. काका म्हणतात, "वहिनी, भीती आधी, आवाज मागून." तू मान हलवतेस. आणि मग जे होतं ते ऐकून मी रडायला लागते. घरात तुझा आवाज दोन खोल्यांपलीकडे जात नसे, आणि हे कुठून आलं? बाहेर आल्यावर तू मला बटाटावडा घेऊन दिलास. मी विचारलं, "तू कशाला घाबरलीस?" "कशालाच नाही गं. पोटातून श्वास घेतला." ते तेव्हाही मला पटलं नव्हतं. तू नक्की काय डोळ्यांसमोर आणायचीस, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे.

पुढच्याच आठवड्यात मी मैत्रिणींना दाखवायला गॅलरीत तशीच किंकाळी फोडली. सगळी दारं उघडली, शेजारच्या आजी भिंत धरत धावत आल्या. तू मला मारलं नाहीस. आजींना खुर्चीवर बसवलंस, पाणी दिलंस, आणि माझं मनगट धरून त्यांच्यासमोर उभं केलंस. "यांचा हात बघ कसा थरथरतोय. तिथे माणसं घाबरायला तिकीट काढून येतात. यांनी काढलं होतं?" त्यानंतर मी आयुष्यात कधी ओरडले नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

लेकीचा एक मित्र आवाजाचंच काम करतो. तो आवाज कुठला, हे तिने त्याला विचारलं, त्याने आणखी कुणाला विचारलं, आणि गेल्या बुधवारी तो स्वतः घरी आला. चहा घेता घेता फार जपून म्हणाला, "काकू, तो आवाज बाहेरच्या देशातला आहे. असे तयार आवाज विकत मिळतात. बाईचं नाव नसतं, नुसता नंबर."

"आणि आमच्या दादरच्या टेपा?"

"तेव्हा टेप महाग असायची, काकू. पुसून परत वापरायचे."

म्हणजे कुठल्या तरी परक्या देशात एक बाई होती, किंकाळी संपताना तीही तसाच श्वास आत ओढायची. तिच्याही मुलीने काचेमागून ऐकलं असेल का, असं क्षणभर वाटून गेलं. वाईट वाटायला हवं होतं, पण त्याआधी दुसरंच काहीतरी लक्षात आलं. मी इतकी वर्षं जो आवाज तुझा म्हणून जपला, तो फक्त किंकाळीचा होता. "वेणी घालायला ये गं" हे शब्द आठवतात, कंगव्याचा मोडका दात आठवतो. आवाज आठवत नाही. बाबांच्या टेपरेकॉर्डरवर माझं पाठांतर आहे, बाबांची भजनं आहेत. तुला कुणी बोल म्हटलंच नाही.

लेक आता मला जुने, पडेल भुताचे सिनेमे शोधून देते. तिला वाटतं, मी तुझी किंकाळी शोधते आहे. हे पत्र तिलाही दाखवणार नाही, कारण मी किंकाळी शोधतच नाही. किंकाळी आली की मी सिनेमा पुढे पळवते. एखाद्या सिनेमात काकांनी तुला एखादं साधं वाक्य दिलं असेल, "दार उघडं आहे" किंवा "चहा ठेवू का?" एवढंच, म्हणून मी बघत बसते. आणि ते कानावर पडलं तरी मी ओळखेन, असं खात्रीने सांगता येत नाही, आई.