बगदादच्या पणजोबांचं नाव

माणिकपूर, वसई
१४ ऑक्टोबर

प्रिय रोझलिनताईस,

आलोशियसचा नमस्कार. अकरा वर्षांनी धाकट्या भावाचं अक्षर पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझे गुडघे, भाच्याची, एल्रॉयची नोकरी, मनवेलपाड्याचं पाणी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. (माझी ॲनी म्हणते, रिक्षाने अर्ध्या तासावर राहून पत्र कोण लिहितं? तिला काय कळतंय.)

पत्रास कारण, आपल्या कुटुंबाच्या कबरीचा नवा दगड. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तो बसवायचा आहे आणि पणजोबांच्या नावाशी गाडी अडली आहे. घरात सगळे त्यांना नुसतं ‘बगदादी’ म्हणत. दगडावर तेवढंच कसं घालायचं? महिनाभर माझ्या पायाला भिंगरी आहे. जेवता जेवता उठतो, रविवारी चर्चमध्ये मिस्सात चुळबुळ करतो. शेवटी चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरात सापडले: ‘जुझे, वय तीस, बगदादहून आलेला यहुदी.’ मी एवढ्याने ओरडलो की लग्नाची तारीख घ्यायला आलेलं जोडपं दचकून उभंच राहिलं. म्हणजे आपल्या घरी डुक्कर शिजत नाही ते यामुळे! आणि आपण जन्मभर सांगत आलो, की आल्तारावरच्या तपस्वी संत अंतोनींच्या पायाशी डुक्कर आहे म्हणून. (फादरसुद्धा आपल्या भक्तीचं कौतुक करायचे.)

पण जुझे हे बाप्तिस्म्याचं नाव. त्यांच्या आईने ठेवलेलं कोणतं? म्हणून ठाण्याला एका बेने इस्रायली यहुदी गृहस्थांकडे गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून सुकेळी आणि ॲनीच्या हातचं कोळंबीचं लोणचं नेलं. सुकेळी त्यांनी घेतली, बरणी मात्र दोन बोटांनी उचलून दाराबाहेर ठेवली. त्यांच्या धर्मात कोळंबी चालत नाही, हे तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मला ठाऊक नको? वर म्हणाले, आम्ही कोकणातले जुने, बगदादी वेगळे, त्यांची माहिती आमच्याकडे कुठली? मी बरणी घेऊन परत.

मग जूचंद्रच्या भागूबाई भेटल्या, नव्वदीच्या. पणजोबा तिकडच्या मिठागरावर कारकून होते आणि भागूबाईंची आजी त्यांची शेजारीण. म्हणाल्या, “त्याचं खरं नाव शालोम. शनवारी चूल पेटवत नसं, पानी पन आदल्या दिसी भरून ठेवी. वरसाला भावाला कागद लिवी, पन धाडीत नसं. भाव इचारल धरम का सोडला, मग काय सांगू, म्हने. सगले कागद त्याच्यासंगंच पुरले.”

ते ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही. तू घरातली थोरली. दगडावर जुझे घालू की शालोम, ते कळव.

तुझा भाऊ,
आलोशियस

ता. क. दगडाचं काही अडलेलं नाही. दोन्ही नावं कोरायला कालच सांगितली.

ता. क. २. आईच्या मातीच्या दिवशी सगळ्यांदेखत तुला ‘पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस’ म्हणालो, ते माझं चुकलं. हे लिहिलेली नऊ पत्रं टेबलाच्या खणात पडून आहेत. हे दहावं मी स्वतः पेटीत टाकतोय आणि टाकल्यावर तिथे थांबणार नाही. थांबलो तर पोस्टमनकडून परत मागून घेईन. दोन तारखेला ये, ताई.