सगळ्यांना हवा असेल तरच

नाथादादा,

काल तुझ्या त्या फासे टाकून गोष्ट खेळायच्या गेममध्ये मी चहा टाकायला उठले, तेवढ्यात तू जखम चिघळायचा जादा नियम घुसवलास. परत येते तर मी खेळत होते ती वैदीण मेलेली आणि तुझे मित्र दात काढतायत. गेमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, हा नियम सगळ्यांना हवा असेल तरच घ्यायचा. मला विचारलंस? गोष्ट सांगणारा तू, म्हणून काय आमचा मालक झालास?

रविवारी मला बघायला येणाऱ्यांनाही तू असंच परस्पर ‘या’ म्हणून कळवलंस. आज भाजी निवडताना आईकडून कळलं.

मी टिटवाळ्याला मावशीकडे चाललेय. फासे नेलेत. पाहुणे आले की पोह्यांचा ट्रे घेऊन तूच बाहेर जा. माझी मोरपिशी साडी कपाटात आहे.

शकू