मागून हाक आली नाही

माय, आज मी तुझ्यावर चिडले आहे. चिडायला तू समोर नाहीस, सात वर्षं झाली तुला जाऊन, म्हणून लिहिते आहे. सकाळी वाशीमला बँकेत जाऊन आले. घराचं कर्ज मंजूर झालं. पेढे वाटायचे सोडून मी खोलीवर येऊन आदळआपट करते आहे, कारण आता घेते आहे त्याच ओळीतलं घर मला गेल्या वर्षी चार लाखांनी स्वस्त मिळत होतं आणि ते मी तुझ्या शिकवणीपायी घालवलं.

मी दहावीत होते. आठवडी बाजारात आपलं पोतं अंथरलेलं, त्यावर मेथी, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. मी पलीकडच्या दुकानातून ऐंशी रुपयांची चप्पल घेऊन आले, तर गिऱ्हाइकांसमोरच तू ओरडलीस, "पयल्याच भावात घेतली? बाजारात बसून बी तुले बाजार समजला नाई?" शेजारणीला भाजीवर लक्ष ठेवायला सांगून तू मला परत त्या दुकानात नेतेस. पन्नास म्हणतेस. तो नाही म्हणतो. चप्पल त्याच्या पुढ्यात ठेवून, ऐंशी रुपये परत घेऊन तू माझा हात धरून चालू लागतेस, आणि मी मान वळवते तर दंडाला चिमटा काढतेस. "मांगं पाहू नोको. चालत राह्य. आपल्यापेक्षा त्याले जास्त घाई हाये." आठ-दहा पावलांवर हाक आलीच. पंचावन्नला मिळाली. त्या दिवशी तुझ्यासारखी हुशार बाई जगात नाही असं मला वाटलं होतं.

एकोणिसाव्या वर्षी बी-बियाण्यांच्या दुकानात बिलं बनवायला लागले, त्या पहिल्या पगारापासून मी घरासाठी पैसे बाजूला टाकते आहे. मावशी म्हणाली होती, "पोरीले घर कायले पायजे? नवऱ्याचं असतेच ना." तू चुलीपासून न उठता म्हणालीस, "तिले तिच्या नावाचं पायजे." भाड्याच्या खोल्या बदलून बदलून तू कंटाळली होतीस, मीही. म्हणून मी स्टँडपासून दुकानापर्यंत पायी जाते, ऑटो करत नाही. दिवाळीला ड्रेस एक वर्षाआड. दुकानातले चिडवतात, "ताईच्या घरी गेलं तं पाणी बी मोजून भेटते." मी हसून घेते. हसायला पैसे लागत नाहीत.

तर गेल्या वर्षी रिसोड रोडला दोन खोल्यांचं घर पाहिलं. मागे थोडी मोकळी जागा, दोन वाफे निघतील एवढी. दलाल अठरा लाख म्हणाला. मी सतरा म्हणाले. त्याने मान हलवली. आणि मी काय केलं असेल? उठले, चप्पल सावकाश पायात घातली आणि चालू लागले. मागे पाहिलं नाही. फाटकापाशी आले. रस्त्यावर आले. पंक्चरच्या दुकानासमोर उभी राहून मोबाइलमध्ये डोकं घातलं, कान मागे. हाक काही आली नाही. तरी चार दिवस मी ऐटीत होते, येईल झक मारत म्हणून. पाचव्या दिवशी न राहवून मीच फोन केला, तर म्हणाला, "ताई, ते घर तं त्याच दिवशी गेलं. तुमी निघाल्या अन् एक मास्तर टोकन देऊन गेले."

घर म्हणजे काय सांबार आहे, संध्याकाळपर्यंत सुकेल म्हणून विकणाऱ्याने घाबरायला? हे तू मला का नाही सांगितलंस? तुला तरी कुठे माहीत होतं म्हणा. तू जन्मभर जुड्या विकल्यास. आता तसंच घर बावीसला, तेही मागच्या जागेशिवाय. वर्षभर उपाशीतापाशी राहून जे साठवलं त्याच्या कितीतरी पट एका दुपारच्या ऐटीत गेलं, आणि मला संताप येतो, तुझा, माझा, त्या मास्तरचासुद्धा.

आणखी एक आहे. आज बँकेतले साहेब माझं जुनं खातं चाळत होते. एका जागी थांबले. "मॅडम, इथून तुमची बचत एकदम वाढलेली दिसते. पगार वाढला होता का?" मी हो म्हणाले.

रविवारी टोकन द्यायचं आहे. हा कागद कुठे पाठवणार, घडी घालून कपाटात ठेवून देते. पगार वाढला नव्हता, माय. तू गेलीस तो महिना होता. तुझी औषधं, दर पंधरवड्याला तुला घेऊन अकोल्याला जाणं-येणं, यातले महिन्याला किती वाचतील याची बेरीज मी तेरवीच्या आधीच केली होती. आणि ती बेरीज झाल्यावर मला क्षणभर बरं वाटलं होतं.