मनकर्णाचं तोंड

११ फेब्रुवारी
मनकर्णा दवाखान्यातून घरी आली. लकव्यानं डावं अंग गेलंय. गिळता येत नाही, दूध-पेज सगळं नाकातल्या नळीनं. गुढीपाडव्याला हिला पाटावर बसवून जेवू घालायचं, हे मी नक्की केलं. कामं वाटली. नळी सूनबाईकडं, तनुजाकडं; तोंड माझ्याकडं. नर्सनं दिवसातून दोनदा ओल्या गॉझनं दात, हिरड्या, जीभ पुसायला सांगितलंय. सोपं आहे.

१२ फेब्रुवारी, सकाळी
पुसायला गेलो तर बोटाला चावली. जबड्यात लई ताकद. लक्षण चांगलं. उद्यापासून सुरू.

१५ फेब्रुवारी
विचार केला. तोंडात अन्नाचा कण जात नाही, मग घाण होईल कशानं? न वापरलेलं भांडं कोण घासतं? तनुजानं विचारलं, पुसलं का. व्हय म्हणालो. पोरीच्या डोक्याला आणखी ताप नको.

२२ फेब्रुवारी
हिच्याजवळ वास येतो. पेजेचा असणार. उदबत्ती लावली. जिभेखाली लवंगही ठेवली, ती तनुजानं बोट घालून काढली. घशात अडकली असती म्हणे. आजकालच्या पोरींना घरगुती औषधातलं काही कळत नाही.

१ मार्च
तनुजा म्हणाली, "आबा, आईंच्या जिभेवर पांढरा थर साचलाय. होत नसंल तर सांगा, मी करते."
म्हणालो, पन्नास वर्षांचा संसार केलाय, एवढं नाय का होणार? खरं तर ही ओठ घट्ट मिटून बघत राहते, मग जोर करवत नाही. उद्या नक्की.

६ मार्च
ताप. छातीत घरघर. कूलरचा वारा बाधला. मुलगा विश्वजीत वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट करून आला तसा त्याला झापलं, इतक्यात कूलर लावायला कुणी सांगितलं होतं?

८ मार्च
न्यूमोनिया. पुन्हा अ‍ॅडमिट. डॉक्टर म्हणाले, तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले. माणूस जेवत नसलं की तोंड कोरडं पडतं, जंतू उलट जास्तच माजतात. मग विचारलं, तोंडाची सफाई कोण बघतं?
मी चष्मा पुसत होतो.
तनुजा म्हणाली, "मीच. राहिलं माझ्याकडून."
समजूतदार पोरगी. सवडीनं डॉक्टरांना खरं काय ते सांगीन.

११ मार्च
ऑक्सिजन लावलाय. डोळे उघडले नाहीत, पण झोप लागलीय म्हणजे आराम पडतोय. पाडव्याचं श्रीखंड सांगून ठेवलं.

१४ मार्च
काल पहाटे गेली.
घरी आणल्यावर माझ्या बहिणीनं, आवडाबाईनं, गंगाजलाची वाटी हातात दिली. तोंडात दोन थेंब घाल म्हणाली. म्हणालो, थांब, आधी पुसून घेतो. दात, हिरड्या, मग जीभ. बायका थांबल्या. तनुजानं बॅटरी धरली.
दोन मिनिटांचं काम होतं.