अप्पांचा होकार

शुक्रवार पेठ, सोलापूर
१९ जानेवारी २०२५

दानम्मा अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. सासूबाईंच्या पाया पडतो म्हणून सांग.

ज्या क्षणी अप्पा "होऊ दे तुझ्या मनासारखं" असं म्हणाले, त्या क्षणी माझं सगळं बदललं. ऑपरेशननं सुद्धा एवढं बदललं नव्हतं. हे आधी लिहून टाकतो, मग खुशाली.

खुशाली अशी की अप्पा-अव्वा दोघं बरी आहेत. संक्रांतीला बाजरीच्या दळणाला गल्लीच्या तोंडापर्यंत रांग होती आणि अप्पांचा आवाज बसला. गिरणीच्या खडखडाटात ते जन्मभर ओरडूनच बोलले, त्याचं काय नवल.

तू म्हणशील, माढ्याला पत्र पाठवायचं खूळ कुठून काढलं? फोन कर की. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मागनं सासूबाई "व्हय, व्हय" करत असतात. शिवाय फोनवर मी ओरडतो, आणि ओरडलं की पोटात ओढ बसते. म्हणजे बसायची. आता नाही. आणि तिसरं कारण तुला ठाऊक आहे. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून, सिद्धेश्वराची शपथ घेऊन तू म्हणालीस, "मल्ल्या, आतड्याला सूज हाय रे, दुसरं काय न्हाय." दोन दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "पोरा, तुझा कॅन्सर कुठला?" तेव्हापासून मी तुझ्याशी बोललो नाही. अजून राग गेलेला नाही, पण तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

आता ऐक. धनलक्ष्मीचं नाव काढलं की अप्पा काय करायचे ते तू पाहिलंयस. तिच्या वडलांचा टॉवेलचा कारखाना बंद पडला, तिनं कॉलेज सोडलं आणि चष्म्याच्या दुकानात लागली. ती नसलेल्या वर्गात मी काय फळा बघत बसू? मीही सोडलं. त्या दिवशी गिरणीचा जुना पट्टा काढला होता त्यांनी. "आपल्यातल्या पोरी मेल्या का रं? तेलगू घरातच जायचंय तुला?" सगळ्या पेठेनं ऐकलं.

तेच अप्पा. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी गिरणी बंद केली, हातपाय धुतले आणि म्हणाले, "त्या पोरीच्या घरच्यांना बोलवून घेऊ. होऊ दे तुझ्या मनासारखं." हे म्हणताना माझ्या तोंडाकडं नाही, पोटाकडं बघत होते.

मी नाचायला पाहिजे होतं. तांब्याभर पाणी प्यालो आणि खाली बसलो.

आपल्या गल्लीतले शरणबसव मामा आठवतात? त्यांना साखरेचा त्रास होता. सगळा जन्म मामीनं त्यांच्या पुढ्यातली गोडाची वाटी उचलली. शेवटच्या आठवड्यात मात्र ती स्वतः जिलेबी भरवत होती. मला जिलेबी दिलीय, अक्का. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?

एवढंच नाही. ज्वारीच्या पोत्याला मी हात लावला की अप्पा येऊन स्वतः उचलतात. कॉलेजचं कुणी विचारत नाही. उशिरा उठलो तर अव्वा पांघरूण सारखं करते. अव्वा! जी अंगावर पाणी ओतायची! गड्ड्याच्या जत्रेला तिनं माझ्या हातात पैसे दिले आणि म्हणाली, "तिला घेऊन जा, पाळण्यात बस." पाळण्यात बसलो नाही, ते सोड. डॉक्टर म्हणाले किमो लागणार नाही. का लागणार नाही? गरज नाही म्हणून, की उपयोग नाही म्हणून? दर वेळी अप्पा डॉक्टरांकडं आधी एकटे जातात आणि नंतर मला हाक मारतात. आधी काय बोलतात? सहा महिन्यांचं स्कॅनिंग स्वच्छ आहे म्हणाले. सूज आहे असंही म्हणाला होतात तुम्ही.

मला एकच सांग. परत आलाय का? आला असेल तर मी धनलक्ष्मीशी लग्न करणार नाही. माझी शेवटची इच्छा म्हणून तिचा जन्म मी वाया घालवू देणार नाही. तिच्या जिवावर मला जिलेबी नको.

खरं लिही. शपथ घेऊ नकोस, नुसतं खरं लिही.

तुझा, तुम्ही सांगाल तेवढाच बरा असलेला,
मल्लेश


सोलापूर
५ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तुझं उत्तर आलं. चारच ओळी. "मल्ल्या, येड्यासारखं करू नको. तू बरा हायस. खरंच बरा हायस. बाकीचं अप्पांना विचार."

बाकीचं म्हणजे काय? बरा असेन तर बाकी काय उरतं? एवढं लिहिलंस आणि पेन टाकलंस. दाजी आले होते का मागं?

बरं, तू खरं लिहिलं नाहीस तर निदान मी लिहितो. मागच्या पत्रात "आता नाही" असं लिहिलं होतं. दुखतं, अक्का. रोज दुखतं. टाके वरून भरले, नुसती पांढरी रेघ राहिलीय. पण आत बेंबीच्या डाव्या बाजूला कुणीतरी चिमटीत धरून ओढल्यासारखं होतं. जेवल्यावर जास्त. भाकरी दुधात कुस्करून खातो, आणि चटणी नाहीच. दोन घास खाऊन थांबतो, मग परत दोन घास. शिंक आली की धावत जाऊन उशी पोटाशी घट्ट धरतो. अव्वा बघते आणि बघितलं नाही असं करते. रात्री डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. गरम पाण्याची पिशवी शर्टाच्या आत. माझा दोस्त ताबीश, त्याच्या गाडीवर मागं बसतो, आणि सात रस्त्याच्या अलीकडचा गतिरोधक आला की तो स्वतःच ओरडतो, "मल्लू, पेट पकड!" सगळा चौक बघतो. एकदा मी त्याला तिथंच उतरून शिव्या दिल्या. तो म्हणाला, "देता जा, लेकिन पेट पकडके दे." माणसाला धड रागावताही येत नाही ह्या दुखण्यात.

आणि डॉक्टर विचारतात, "दुखतं का?" तेव्हा अप्पा माझ्या आधी बोलतात, "न्हाय न्हाय डॉक्टर, येकदम ठीक." मी मान डोलवतो. का डोलवतो ते विचारू नकोस.

परवा मी धनलक्ष्मीच्या दुकानात गेलो. ती एक काच पुसत होती. मी सरळ विचारलं, "आमचे अप्पा तुला भेटले होते?"

"भेटले होते की."

"कधी?"

"झाले दीड-दोन महिने. इथंच आले होते."

"आणि मला सांगितलं नाहीस! काय म्हणाले?"

ती काच परत पुसायला लागली. स्वच्छ होती ती काच! म्हणाली, "सांगणार नाही. तू इथं ओरडशील, आणि गिऱ्हाईक आहे."

मी ओरडलोच. गिऱ्हाईक म्हणजे एक मास्तर होते, डोळ्यावर अर्धवट फ्रेम घेऊन माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो, "दया येते ना माझी? अप्पांनी सांगितलं असेल, थोडे दिवसच आहेत, पोराचं मन राख म्हणून. मला नको तुझी दया. मला लग्नच नको!" आणि निघालो. पायरी उतरताना अशी कळ आली की तिथंच शेजारच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसलो. बाणेदारपणे निघून जायचं सुद्धा नशिबात नाही. ती दारात उभी राहून बघत होती. मला उठवायला आली नाही. आली असती तर मी अजून ओरडलो असतो, हे तिला माहीत आहे.

२० तारखेला तिच्या घरचे सुपारी फोडायला येणार आहेत. अप्पांनी पेढे सांगून ठेवलेत. तू ये म्हणालेत. येणार आहेस? तर येताना ते "बाकीचं" घेऊन ये.

मल्लेश


शुक्रवार पेठ
१७ फेब्रुवारी २०२५, सकाळ

अक्का,

तू पोचण्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून घाईनं लिहितोय. बाकीचं कळलं.

शनिवारी दुपारी मी गिरणीच्या बाहेर बाकड्यावर गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसलो होतो. आत अप्पा आणि प्रभुकाका. काका तावातावानं हातवारे करत होते, पण चक्की चालू, मला अक्षर ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात धनलक्ष्मी आली. हातात गव्हाचा डबा. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच. माझ्याकडं बघितलं नाही. डबा घेऊन सरळ दारात जाऊन उभी राहिली.

आणि लाइट गेली.

चक्की थांबली, आणि अप्पांचा आवाज तेवढाच मोठा राहिला. सगळ्या गल्लीत ऐकू गेलं, "अरे प्रभू, कॅन्सर झालेल्या पोराला आपल्यातला कोण पोरगी देतोय आता? तिला चालतंय तर चालू दे की!"

समोरच्या पिंपावर बसलेली मांजर सुद्धा उठून गेली. अप्पा वळले तर दारात ती.

म्हणजे हे होतं, अक्का. मी मरणार म्हणून नव्हे. माझा भाव पडला म्हणून. मी गेले दोन महिने रात्री पडल्या पडल्या स्वतःचं मरण बघत होतो, धनलक्ष्मी कशी रडेल, अप्पा कसे पस्तावतील, सगळं ठरवून ठेवलं होतं. आणि इथं बघतो तर अप्पांनी नुसता हिशेब केलेला! लिंगायताची पोरगी मिळत नाही, तर तेलगू चालेल. माझ्या डोक्यात सणक गेली. मी आत घुसणार, तेवढ्यात ती शांतपणे अप्पांना म्हणाली, "डबा ठेवून जाते. लाइट आली की दळा. जरा बारीक पाहिजे."

मी तिच्या मागं गेलो. धावता येत नाही मला, ते तिला ठाऊक आहे म्हणून कोपऱ्यावर थांबली होती.

मी म्हणालो, "ऐकलंस ना? असल्या घरात येणार तू?"

"मी आधीच ऐकलंय," ती म्हणाली. "दुकानात हेच बोलायला आले होते. तासभर फ्रेमी लावून बघितल्या, एक घेतली नाही. मग म्हणाले, पोरी, माझ्या पोराला असं असं झालंय. आमच्यातलं कोण आता पोरगी देणार न्हाय. तुझं मन अजून हाय का? मी म्हटलं, हाय."

"आणि तुला अपमान वाटला नाही?"

"वाटला की. दोन दिवस जेवले नाही. पण खोटं नाही बोलले. तुमच्या घरातलं माझ्याशी खरं बोललेलं पहिलं माणूस ते."

मी काहीतरी ओरडलो. तिनं माझं ओरडणं पुरं होऊ दिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मल्लेश, तू मरणार नाहीस ह्याचाच राग आलाय का तुला?"

ह्याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर सांग.

मग ती पोटाबद्दल बोलली. तिच्या आत्याला गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं अशीच ओढ बसायची. आत चिकटतं म्हणे, भरताना. औषध असतं, व्यायाम असतो, काहींचं राहतंच थोडंसं. "पण ती आत्या आहे आणि तू तू आहेस. मी काय डॉक्टर नाही. तू जाऊन सांग. दुखतंय म्हण, तुझ्या तोंडानं. नाही सांगितलंस तर गुरुवारी आमच्याकडचं कुणी येणार नाही. तुझ्या अप्पांना मी झेलीन. पण 'नुसती सूज आहे' म्हणून सांगणारा नवरा मला नको."

तुझी ती सूज तिला मीच सांगितली होती, हसण्यासारखी गोष्ट म्हणून. ती हसली नव्हती.

आता लिहितो, मी मान का डोलवत होतो. अप्पांनी तोंड दाबलं म्हणून नाही. दुखतं म्हटलं की डॉक्टर "बघू" म्हणतात. त्या "बघू"ला मी घाबरतो, अक्का. तुमच्या सगळ्यांवर संशय घेतला तो बरा वाटायचा. संशयात निदान हातपाय हलवता येतात. भीतीत नुसतं पडून राहावं लागतं.

तुझ्यावर अजून थोडा राग आहे. गुरुवारी ये. समोर बसून भांडू.

तुझा, पोट दुखणारा,
मल्लेश

ता. क. हे पोस्टाच्या बाहेर उभा राहून लिहितोय, पाकीट चिकटवायच्या आधी. दवाखान्याला निघताना अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. म्हणाले, "चल, मी बी येतो. डॉक्टरशी बोलायला कुणीतर मोठं माणूस पायजे."

मी म्हणालो, "आज मी बोलतो, अप्पा. तुमी गिरणी बघा."

"तुला काय बोलता येणार? तू भांडून येशील."

"भांडेन. पण दुखतंय म्हणून सांगेन."

मला वाटलं पट्टा आठवेल त्यांना. पण ते पहिल्यांदा माझ्या पोटाकडं न बघता तोंडाकडं बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. दुखतंय हे त्यांना आजच कळलं, अक्का. डॉक्टरांना "येकदम ठीक" म्हणायचे ते खरंच समजून म्हणायचे. त्यांनी विचारलं, "लई दुखतं का रं?"

मी हो म्हणालो. पायात चपला घातल्या, बाहेर पडलो, आणि त्यांनी मागोमाग येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं.